दोन बोटं वर

"दिसली का?" आप्पांनी विचारलं.

"अजून नाही."

"घाई करू नकोस. सूर्य गेल्यावर डोळ्यांना जरा सवड दे. खालून वर बघत ये."

खंडोबाच्या माळावर आम्ही दोघंच होतो. खाली उसाची शेतं, त्यापलीकडे नदीची रेघ. दोन-तीन गुऱ्हाळांचा धूर सरळ वर चढत होता, इतका वारा पडलेला. माघ सरत आला होता. आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी बावीस वर्षांची होते आणि फाल्गुनात माझं लग्न व्हायचं होतं. ती चांदणी दिसली तर.

शुक्र सूर्याच्या फार जवळ गेला की उजेडात हरवतो. त्याला अस्त म्हणतात, आणि अस्तात लग्नं लावत नाहीत. पहाटेचा शुक्र पूर्वेला बुडाला की दोन-अडीच महिन्यांनी संध्याकाळी पश्चिमेला उगवतो. उगवल्यावरही काही दिवस तो बाल मानतात, तेही सोडायचे. त्या वर्षी पंचांगांत उदयाच्या तारखेवर एकमत नव्हतं. लवकरची तारीख धरली तर फाल्गुनातला एक मुहूर्त हाती लागत होता. उशिराची धरली तर तोही जात होता. चैत्रात देशिंगकरांच्या घरी लग्न करायची रीत नव्हती, आणि चैत्रातच नवरा मुलगा, अच्युत देशिंगकर, आफ्रिकेत दारेसलामला निघणार होता, तिथल्या शाळेत गणित शिकवायला.

वाद मिटवायचा तर एकच उपाय होता. माझ्या वडिलांनी, गोविंदशास्त्री घळसासींनी, चांदणी डोळ्यांनी पाहिली असं सांगायचं. आप्पांचा लौकिकच तो होता. छापलेल्यावर ते विसंबत नसत. गुरू-शुक्राचा उदय प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मुहूर्त देत नसत. कुरुंदवाडपासून निपाणीपर्यंत लोक म्हणत, घळसासी सांगतात ते बघून सांगतात. मुहूर्ताचा हिशेब धरता ती संध्याकाळ शेवटची होती. उद्या दिसून उपयोग नव्हता.

आणि मग ती दिसली. आधी वाटलं डोळ्यांत काही गेलंय. नजर काढून घेतली, परत त्याच जागी नेली, तर तिथंच. सुईनं टोचल्याएवढी.

"आप्पा! दिसली!"

"कुठं?"

"मधल्या गुऱ्हाळाच्या डावीकडे. चिंचेच्या शेंड्याला लागून."

"किती बोटं वर?"

मी हात लांब करून बोटं आडवी धरली. "दोन."

"रंग?"

"पांढरा. पिवळ्याकडे झुकलेला."

"लुकलुकते?"

"नाही. स्थिर आहे."

आप्पांनी त्या दिशेला तोंड करून हात जोडले. "हो," ते म्हणाले. "तोच."

"तोच काय? ती आहे ती."

"संस्कृतात तो बाप्या आहे."

"आणि गावात बाई. चांदणी."

"गावाला काय कळतंय? उशना, कवी, भार्गव, सित, दैत्यगुरू. इतकी नावं आहेत, एक तरी बाईचं आहे का त्यात?"

"अरबांकडे झुहरा. इराणात नाहीद. दोन्ही बायकाच."

"त्यांच्याकडे असतील."

"ग्रीकांना तर संध्याकाळची वेगळी आणि पहाटेची वेगळी वाटायची. दोन नावं ठेवली होती."

"आणि त्यांना तुझी वाचनालयातली पुस्तकं शहाणे म्हणतात!"

आम्ही दोघं हसलो. मला इतकं हलकं वाटत होतं की काहीही बोलत सुटले होते. खाली उतरताना आप्पांनी नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला. गुडघे धरतात म्हणायचे.

"बाबिलोनच्याही आधीच्या लोकांत ती इनान्ना," मी म्हणाले. "अस्ताची गोष्ट आहे त्यांच्याकडे. ती पाताळात उतरते. सात दरवाजे लागतात. दर दरवाज्यात अंगावरचा एकेक दागिना उतरवून द्यायचा."

"आणि परत येते?"

"येते. पण पाताळाचा नियम असा, की सुटायचं तर आपल्या जागी कुणाला तरी द्यावं लागतं."

"मग कुणाला दिलं बाईंनी?"

"नवऱ्याला. ही तिकडे मरणात, आणि तो घरी सिंहासनावर नटून बसला होता म्हणून."

आप्पा मोठ्यानं हसले. "अच्युतरावांना लग्नाआधीच सांगून ठेव." पायवाट संपता संपता म्हणाले, "आणि जागी द्यायला कुणीच नसलं तर?"

"कुणाच्या जागी?"

"काही नाही. चल, दिवा लावायचाय."

घरी येऊन मी पिठलं टाकलं. आप्पांनी दोनदा भात मागून घेतला. असा साधा दिवस होता तो.

दुसऱ्या दिवशी देशिंगकर आले. अच्युत, त्याची आई आणि मामा. अच्युतला मी त्याआधी एकदाच भेटले होते, मला बघायला आले तेव्हा. माणसं आत बोलत असताना त्यानं ओसरीवर विचारलं होतं, सध्या काय वाचताय? मी चांदणीच्या नावांचं सांगितलं. त्यानं ते नीट ऐकून घेतलं, मध्ये न बोलता, आणि मग म्हणाला, "मी जातोय तिथं तिला झुहुरा म्हणतात. अरबी व्यापाऱ्यांबरोबर गेलेलं नाव असणार. विषुववृत्ताच्या खाली आहे ते गाव. ती तिथं तिरकी न मावळता सरळ उभी उतरत असेल समुद्रात. तुम्ही बघून सांगा मला." मी बघून सांगायचं. हे वाक्य मी तीन आठवडे मनात घोळवत होते.

आत मी कॉफी गाळत होते. बाहेर त्याची आई बोलत होती.

"शास्त्रीबुवा, मी हट्टी आहे असं हा म्हणतो. म्हणू दे. आमच्या थोरल्या अक्काचं अस्तात लावलं होतं. लोक म्हणाले, अडचण आहे, चालतं. वर्षाच्या आत कपाळ पांढरं घेऊन माहेरी आली. मला पंचांगवाल्यांचं सांगू नका. तुम्ही पाहिलं म्हणालात की माझी तक्रार नाही. उद्या अक्षता वाटते."

"आणि शास्त्रीबुवा," मामा म्हणाले, "झारीतले शुक्राचार्य होऊ नका म्हणजे झालं!"

सगळे हसले. गोष्ट सगळ्यांच्या पाठची. बळी वामनाच्या हातावर दानाचं पाणी सोडतोय आणि शुक्राचार्य झारीच्या तोंडात शिरून धार अडवून बसलेत. वामन दर्भाची काडी खुपसतो. धार सुटते, शुक्राचार्यांचा एक डोळा जातो. मी तबक घेऊन बाहेर आले तेव्हा आप्पाही हसत होते. उपरण्यानं डोळे पुसत होते.

"काल गेलो होतो माळावर," ते म्हणाले. "रेवूला घेऊनच गेलो होतो."

मी कप अच्युतसमोर ठेवला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण मला हसू आवरत नव्हतं.

"पण योग नव्हता," आप्पा म्हणाले. "क्षितिजाला ढग होते. नाही दिसली."

मी तबक तसंच धरून उभी राहिले. त्यात एक कप उरला होता, आप्पांचा.

"रेवूची नजर घारीची आहे," ते पुढं म्हणाले. "अंधार होईतो थांबलो. तिला नाही दिसली म्हणजे कुणालाच दिसली नसती. विचारा हवं तर तिला."

कुणी विचारलं नाही. मुलीला काय विचारायचं होतं? शास्त्रीबुवांनी सांगितलं होतं.

अच्युत म्हणाला, "पण ढग असतील तर ती ढगांच्या मागे असेलच ना?"

"असेल की. मी नाही कुठं म्हणतोय?" आप्पांचा आवाज शांत होता. मला गणित शिकवतानाचा तोच आवाज. "पण न पाहिलेलं पाहिलं म्हणून कसं सांगू? एवढी वर्षं नाही सांगितलं, आता पोटच्या पोरीसाठी सांगू?"

"नको, नको," अच्युतची आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून विश्वास आहे."

मामांनी तुळशीच्या लग्नानंतरचं बघू असं काहीतरी काढलं. तोवर हा आफ्रिकेत, मग दोन वर्षं येणं नाही, असं त्याची आई म्हणाली. आप्पा म्हणाले, ज्याचं त्याचं प्राक्तन. मी आप्पांचा कप त्यांच्या हाताशी ठेवला. त्यांनी तो घेतला, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मामांपाठोपाठ अच्युतही हात धुवायला मागच्या अंगणात आला. मी तांब्यानं पाणी घालत होते.

"काल ढग होते?" त्यानं हळूच विचारलं.

"आप्पांनी सांगितलं ना."

"त्यांनी सांगितलं. मी तुम्हाला विचारतोय."

आत आप्पा खोकले. पाणी त्याच्या हातांवरून खाली केळीच्या आळ्यात जात होतं. मी ओतत राहिले, हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"आप्पा खोटं बोलत नाहीत," मी म्हणाले.

कालपर्यंत ते वाक्य खरं होतं.

त्यानं हात झटकले. मग धोतराला हात पुसणाऱ्या मामांमागून बाहेर गेला. बैठकीत निरोपाची कुजबुज झाली, दार वाजलं, आणि घर रिकामं झालं.

मी वाट बघत होते. काहीतरी सांगतील. पत्रिकेत काही दिसलं असेल, मुलाबद्दल कुणी काही कळवलं असेल, ते मला बाजूला बसवून सांगतील आणि मी रागावेन. मी दुपारभर त्यांच्यासाठी कारणं शोधत होते. त्यांनी एकही दिलं नाही. जेवले, पडले, उठून चहा घेतला. उन्हं कलली तशी पायांत वहाणा घातल्या आणि हाक मारली.

"रेवू, चल. बघून येऊ."

मी गेले. आजही मला नवल वाटतं, पण मी गेले. माळावर तेच गवत, तीच चिंच. सूर्य बुडाला. चांदणी कालच्याहून वर होती आणि कालच्याहून ठसठशीत. आता शोधावीही लागत नव्हती. ती आणि मी एकमेकींसमोर उभ्या होतो, आणि बाजूला माझे वडील तोंड पश्चिमेला करून उभे होते.

"दिसली का?" आप्पांनी विचारलं.

मी तिच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं.

"ढग आहेत," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, ते रागावतील. आकाशाकडे बोट दाखवून म्हणतील, ती काय समोर! मग मीही म्हणणार होते, ती काय समोर. पण त्यांनी नुसता हात पुढं केला, माझा खांदा चाचपला, आणि आम्ही उतरलो.

अच्युत चैत्रात गेला. वर्षभरानं कळलं, त्यानं तिथल्याच एका गुजराती शिक्षिकेशी लग्न केलं. उदय-अस्त कुणी बघितला नसावा. मला नंतर दोन स्थळं आली. पहिल्याची पत्रिका आप्पांना पटली नाही. दुसऱ्यांना मी नाही म्हटलं. मी वाचनालयात नोकरी धरली. धाकटा भाऊ दिगंबर तेव्हा बाहेरगावी वसतिगृहात होता; शिकून तो पुण्याला गेला आणि तिथलाच झाला.

आप्पा विचारत राहिले. चांदणी पश्चिमेला आली की संध्याकाळी ओसरीवरून, माळावरून, पुढं पुढं खाटेवरून. "रेवू, दिसली का?" आणि मी सांगत राहिले, "ढग आहेत." वैशाखात, मार्गशीर्षात, निरभ्र आभाळाखाली उभी राहून. एकदाही त्यांनी म्हटलं नाही की, कुठं आहेत ढग? हळूहळू ते मुहूर्त छापील तारखांवरून सांगू लागले. लोकांच्या लक्षात आलं. शास्त्रीबुवा आता थकले, असं म्हणू लागले.

ते का वाद घालत नाहीत, हे मला तीन-चार वर्षांनी कळलं. दिगंबर सुट्टीत आला होता. आप्पा उंबऱ्यात अडखळले म्हणून त्यानं हट्टानं मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. डॉक्टर तरुण होते, मोकळं बोलणारे. आप्पांना बाहेर बसवून आम्हाला म्हणाले, "रातांधळेपणा आहे. आताचा नाही, फार जुना. दिवेलागण झाली की यांना जवळजवळ काही दिसत नसणार. हे संध्याकाळी बाहेर पडतच नव्हते का?"

"पडायचे की," दिगंबर म्हणाला. "रोज. तारे बघायला."

डॉक्टर हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "तारे? तारे वीस वर्षांत दिसले नसतील यांना. चालायचे कसे?"

"माझ्या खांद्यावर हात ठेवून," मी म्हणाले.

बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. कुठं? किती बोटं वर? रंग? लुकलुकते? मला वाटायचं ते माझी परीक्षा घेतात. माझ्याआधी आई जायची माळावर. ती गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आईचा हात लांब केलेला, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या, आणि आप्पा विचारतायत, किती बोटं? हे मी लहानपणी पाहिलेलं मला त्या बसमध्ये आठवलं. घळसासी सांगतात ते बघून सांगतात. बघत होतो आम्ही. मी गेले असते तर त्यांना कुणी सांगितलं असतं?

आणि मी सांगितलं असतं तर. त्यांनी नुसतं विचारलं असतं तर. "रेवू, मला दिसत नाही, तू जाऊ नकोस." मी थांबले असते की नाही, मला माहीत नाही. पण ते माझं उत्तर झालं असतं. त्यांनी माझेच डोळे पुढं करून, माझ्याच समोर, सांगून टाकलं की त्यांना काही दिसलं नाही.

आप्पा शेजारी डोळे मिटून बसले होते. "काय म्हणाला डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"वयामुळं आहे म्हणाला."

"असणारच."

त्यावर आम्ही पुढं जवळजवळ तीस वर्षं काढली. शेवटी शेवटी दिवसाही दिसेनासं झालं. मी त्यांना जेवू घातलं, वाचून दाखवलं. भांडलो नाही कधी. गावात लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. अखेरच्या वर्षी एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "रेवू, शुक्राचार्य झारीत बसले ना, ते काही वाईट बुद्धीनं नाही बसले."

मी पुस्तक मिटलं. "मग?"

"बळी गेल्यावर ते कुणाचे गुरू राहणार होते?"

मी वाट पाहिली. बाहेर चांदणी उतरत होती. मला वाटलं, आता बोलतील.

"डोळा गेला त्यांचा," मी म्हणाले.

"हो," आप्पा म्हणाले. "डोळा गेला." आणि कूस बदलली.

माघातच ते गेले. दहाव्याला घाटावर बरीच माणसं होती. दिगंबरनं पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. कावळे नव्हते असं नाही. पिंपळावर चार-पाच बसले होते. कावळ्याला एकाक्ष म्हणतात, शुक्राचंही ते एक नाव आहे. एक खाली उतरला, पिंडाभोवती फिरला, आणि परत जाऊन बसला.

"काहीतरी अडकलंय," केशवभट म्हणाले. विधी त्यांच्याकडे होता. "बोला कुणीतरी. मनात असेल ते बोला."

दिगंबर हात जोडून पुढं झाला. "आप्पा, ताईला मी अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. "तुमच्या पोथ्या नीट ठेवू, आप्पा." वहिनी म्हणाली, "घर विकणार नाही, मामंजी." मागून कुणीतरी पुटपुटलं, "शास्त्रीबुवा मुहूर्त बघत असतील," आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करायची वेळ आली असं केशवभट म्हणाले, आणि मग ते माझ्याकडे वळले.

"रेवूताई, तुम्ही नाही बोललात. त्यांचे डोळे होता तुम्ही. तुमचंच ऐकायचं असेल त्यांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुढं गेले. वाळू तापली होती. समोर पिंड, त्यामागे पिंपळ, आणि वर सबंध आभाळ, धुऊन वाळत घातल्यासारखं. मी हात जोडले नाहीत. उजवा हात लांब केला आणि पश्चिमेकडे बोटं आडवी धरली, आप्पांनी शिकवलं होतं तशी.

"आप्पा," मी म्हणाले, मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "ती दोन बोटं वर होती. तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं. ढग नव्हते."